सतरा नंबरची कॅसेट

मी कॅसेट. काळ्या प्लास्टिकच्या पेटीत गुंडाळलेली वीस मिनिटांची तपकिरी फीत. तुमच्यातल्या लहानांनी माझ्यासारखी कधी पाहिलीही नसेल. माझी ओळख एवढीच, की मी जन्मापासून घाबरलेली आहे.

त्याला कारण आहे. कारखान्यात माझ्या वेष्टनावर पहिली अक्षरं छापली गेली ती अशी : 'चुंबकापासून दूर ठेवा. उष्णतेपासून दूर ठेवा. ओलीपासून दूर ठेवा.' अजून माझ्यावर एकही चित्र उमटलं नव्हतं, आणि मला कशाकशाने मरण येऊ शकतं ते सगळं लिहून तयार होतं. खोक्यात आम्ही दहाजणी एकमेकींना चिकटून बसलो होतो. वाटेत ट्रकने धक्का खाल्ला की दहाहीजणींच्या काळजात धस्स व्हायचं.

मला घेतलं एका दूरचित्रवाणी केंद्राने. तिथे तेव्हा एक मोठी मालिका तयार होत होती. माणसाच्या संस्कृतीचा इतिहास, तेरा भागांत. दिग्दर्शक पूर्वी कॉलेजात शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. या मालिकेसाठी सरांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले होते. माणूस आग पेटवायला शिकतो हा प्रसंग घेताना काड्यापेटी सर्दावली आणि सगळे दुपारभर खोळंबले, तेव्हा सर म्हणाले होते म्हणे, "त्या बिचाऱ्याला लाखो वर्षं लागली, आपण एका दुपारीत वैतागलो?" सर वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल.

चौथ्या भागाचं नाव होतं 'घर'. माणूस उघड्यावरून भिंतींच्या आत कसा आला, त्याची हकिगत. त्यासाठी सगळी मंडळी एका उत्खननावर गेली. जमिनीखाली जुनं गाव सापडलं होतं. दोन माणसं बुडतील एवढे खोल चर खणलेले होते आणि त्यातल्या एका चराच्या तळाशी विटांची भिंत उघडी पडली होती. माझ्यावर पांढरी पट्टी चिकटवून कुणीतरी लिहिलं, 'घर – १७', आणि मला कॅमेऱ्यात सरकवलं.

तो शेवटचा दिवस होता, उन्हं कलायला लागली होती. आवाज नीट येतोय का ते पाहायला कॅमेरा जरा आधीच चालू केला होता. म्हणून जे कुणी बघायचं नव्हतं तेही माझ्यावर उतरलं.

चराच्या काठावर खोदकाम करणाऱ्यांचा मुकादम उभा होता. उंच, वाळका, चाळिशीचा. त्याला सगळे हळूभाऊ म्हणायचे, कारण दिवसभर त्याच्या तोंडी तो एकच शब्द. कुणी कुदळ उगारली की "हळू", टोपली उचलली की "हळू". जुन्या विटेवरची माती तो हाताने झाडायचाही नाही. फुंकर मारायचा.

"सर, आता नको कुणी खाली," तो म्हणाला. "या बाजूची माती सुटतेय. सकाळपासून खडे पडतायत."

"दोन मिनिटांचं काम आहे हो मुकादम. ऊन जातंय."

"रात्रीत टेकू लावून ठेवतो. सकाळी सातला या, मी स्वतः उभा राहतो. पण आता नको."

"सकाळी आमच्या गाड्या निघणार. परत यायला कोण पाठवतंय आम्हाला?"

"सर, माती सांगते कधी कधी. आपण ऐकावं. मी सांगतोय ना, नको."

सरांनी घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं. मग म्हणाले, "एकदाच. शेवटचा."

मालिकेचे निवेदक, गोरेपान, गळ्यात रुमाल बांधलेले, शिडीवरून खाली उतरायलाही लागले होते. हळूभाऊने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या मातीकडे. "मग मीही उतरतो," तो म्हणाला. "मला चित्रात घेऊ नका. बाजूला उभा राहतो. काही हललं तर ओरडेन, आणि मी ओरडलो की सगळं टाकून पळायचं. बरं का, नको म्हणत होतो मी."

निवेदक भिंतीवर हात ठेवून चालू लागले. आवाज भारदस्त होता. "माणसाने भिंत बांधली, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा निर्धास्त झोपला."

झोपला म्हणेपर्यंत वरून मातीचा एक ओघळ आला. हळूभाऊ ओरडला. निवेदक जागीच थिजले. तेव्हा चौकटीच्या कडेने एक लांब हात आत आला आणि त्याने निवेदकांच्या छातीवर असा धक्का दिला की ते शिडीपाशी जाऊन आदळले. मग सगळं तपकिरी झालं.

कॅमेरा पडला, पण बंद झाला नाही. आडवी पडलेली जमीन, धावणारे पाय आणि हाका, एवढंच माझ्यावर येत राहिलं. चार मिनिटं. ती मला नको होती. पण कॅसेटला डोळे मिटून घेता येत नाहीत. माझी फीत संपली तेव्हाच मी सुटले.

हळूभाऊला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी कागदावर लिहिलं गेलं ते असं : चित्रीकरण संपल्यानंतर मुकादम स्वतःचं अवजार आणायला, परवानगी न घेता, चरात उतरला. सरांनी सही केली. निवेदकांनी केली. कॅमेरावाल्यानेही केली. बाकीचे खोदकामी तेव्हा पलीकडे हातपाय धूत होते, त्यांनी फक्त ओरडा ऐकला होता. म्हणजे खरं काय घडलं ते सांगणारी उरले मी. आणि मी तर एका पिशवीत, बारा बहिणींच्या खाली दबलेली.

केंद्रात संकलनाच्या खोलीत एक बाई काम करायच्या. तेव्हा वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. सगळे त्यांना ताई म्हणायचे. आलेल्या कॅसेट बघायच्या, नोंद करायची, हवं ते कापून जोडायचं, हे त्यांचं काम. त्यांनी मला यंत्रात घातलं आणि दुपारचा डबा पुढ्यात उघडला. पहिला घास हातातच राहिला.

मी संपले तरी ताई पडद्याकडे बघत होत्या. मग दार उघडलं आणि सर आत आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"सतरा नंबर कोरी आहे," ते म्हणाले. "कॅमेऱ्यात बिघाड होता. पुसायला पाठवून दे."

"हो सर."

"तू पाहिलीस?"

ताईंचा हात यंत्राच्या बटणावर होता. घामाने बटण ओलं झालेलं मला कळत होतं.

"नाही सर."

सर यंत्राकडे बघत म्हणाले, "तुझी नोकरी अजून कायम व्हायची आहे ना? होईल. मी सांगेन वरती." दाराशी जाऊन ते वळले आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "मालिका बंद पडली असती गं. तेरा भाग." मला वाटतं त्यांनाही तेव्हा कुणीतरी 'नको' म्हणायला हवं होतं.

पुसणं म्हणजे काय ते सांगते. शेजारच्या खोलीत एक यंत्र होतं, आत मोठं चुंबक. एक माणूस दर महिन्याला ढकलगाडी घेऊन यायचा. लाल ठिपका लावलेल्या कॅसेट त्यात भरायचा. मग भिंतीपलीकडून नुसती घरघर ऐकू यायची. नव्या कॅसेट मिळणं कठीण होतं, म्हणून जुन्याच धुऊन वापरायच्या. माझ्या शेजारच्या कॅसेटवर गव्हाचं शेत होतं, तिसऱ्या भागातलं. ती गाडीवर गेली, संध्याकाळी परत आली. मी विचारलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "आपण ओळखतो का एकमेकींना?" गव्हाचं नाव काढलं तर तिला गहूच कळेना. त्या दिवसापासून गाडीची चाकं वाजली की माझी पाचावर धारण बसायची.

ताईंनी मला पाठवलं नाही. एक कोरी कॅसेट घेऊन तिच्यावर माझी पट्टी चिकटवली आणि तिला पाठवलं. माझ्या पोटाला एक लाल गुंडी असते. ती काढली की माझ्यावर नवं काही भरता येत नाही. ताईंनी ती नखाने उपसून काढली. मग मला 'रंगपट्ट्या, तपासणीसाठी' असं लिहिलेल्या पेटीत घातलं. रंगपट्ट्या म्हणजे पडद्यावरचे रंग तपासायचे नुसते पट्टे, त्या कोण बघणार? ताईंनी मला फळीच्या टोकाला ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

मालिका झळकली. लोक कामंधामं टाकून बसायचे म्हणे. चौथा भाग सगळ्यांत गाजला. निवेदकांचा भिंतीवर हात ठेवून चालण्याचा तुकडा आधीच्या कॅसेटवरून घेतला होता. तोच तो, माती पडली नव्हती तेव्हाचा. 'पहिल्यांदा निर्धास्त झोपला' हे वाक्य शाळेतली मुलं म्हणून दाखवायची.

आणि मग एका सकाळी हळूभाऊची बायको आली.

खालच्या माणसाने कंटाळून तिला संकलनाच्या खोलीत पाठवलं होतं. ती खुर्चीच्या काठावर बसली. ताईंनी तिला पाणी दिलं. माझी फळी ताईंच्या डोक्याच्या वरच होती.

"बाई, ह्यांचं कुठं एखादं चित्र असेल का?" ती म्हणाली. "बारा दिवस होते तुमच्या माणसांबरोबर. चालताना, बोलताना, काहीही चालेल."

ताई टेबलावरच्या कॅसेट सरळ करून ठेवू लागल्या.

"लोक म्हणतात, हुकूम मोडून उतरले. त्या अपघातानंतर खोदकाम बंद झालं, सगळ्यांचं काम सुटलं. आता त्यांचीच माणसं आमच्या दारावरून तोंड फिरवून जातात. त्याच्यामुळे झालं, म्हणतात." तिने पेला दोन्ही हातांनी धरला होता. "पण हे घाई करायचे नाहीत हो कधी. घराची पायरी उतरताना सुद्धा खाली बघून उतरायचे. मी चिडवायचे त्यांना."

मी पेटीत आक्रंदत होते. वर बघा ताई, एकदा वर बघा. आणि त्याच वेळी मी देवाला विनवत होते की त्यांनी बघू नये. कारण मला काढलं असतं तर त्या संध्याकाळी मी पुसली गेले असते, आणि ताईंची नोकरीही गेली असती.

"शोधते मी वहिनी," ताई म्हणाल्या. "सापडलं तर कळवते."

वहिनी उठल्या, पेला जागेवर ठेवून गेल्या. पाणी तसंच होतं.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं गेली. भीतीची वर्षं सांगण्यासारखी नसतात, ती सगळी सारखीच दिसतात. आम्हाला तळघरात हलवलं. तिथे ओल होती. शेजारणींच्या अंगावर पांढरी बुरशी चढत गेली, मग माझ्याही कडांवर. मला लावायची यंत्रं एकेक करून भंगारात गेली. सर निवृत्त झाले, वारले. ताई वर्षातून एकदा खाली यायच्या, पेटी उघडायच्या, मी आहे ना ते बघायच्या आणि पळाल्यासारख्या निघून जायच्या. माझी तब्येत त्यांनी कधी विचारली नाही. त्यांना बहुतेक वाटायचं, मीच उलट जाब विचारेन.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला साडीत गुंडाळून पिशवीत घातलं. फाटकावर तपासणीची चौकट होती. तिच्यात चुंबक असेल का, कोण जाणे. पहारेकरी म्हणाला, "आज तरी कसली तपासणी ताई, जा." आम्ही दोघी जीव मुठीत धरून बाहेर पडलो.

तुम्हाला वाटेल, आता तरी सुटका. कसली! घरी जाऊन ताईंनी मला कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली ठेवलं. तीन वर्षं. मुलगी विचारायची, "आई, त्या कप्प्याला कुलूप कशाला?" ताई म्हणायच्या, "कागदपत्रं आहेत." आता नोकरी जायची नव्हती, सर नव्हते. तरी त्या घाबरायच्या. इतकी वर्षं का गप्प बसलात, असं कुणी विचारेल याची ती भीती होती, आणि ती दरवर्षी वाढत होती.

कुलूप उघडलं ते एका मुलाखतीमुळे. ती मालिका पुन्हा, नव्याने स्वच्छ करून दाखवणार होते. त्यानिमित्त निवेदकांना बोलावलं होतं. म्हातारे झाले होते म्हणे, रुमाल मात्र तसाच. मुलाखत घेणाऱ्याने अपघाताचं विचारलं. कपाटात मला टीव्हीवरचा त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "हो, एक मुकादम होता बिचारा. किती सांगितलं त्याला, उतरू नकोस. ऐकलंच नाही हो त्याने."

बाहेर काहीतरी फुटलं. बहुधा कप. मग कुलपात किल्ली फिरली.

शहरात जुनी यंत्रं दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्याकडे मला लावता येईल असं एकच यंत्र उरलं होतं. त्यांनी माझं झाकण उचलून फीत बोटाने चाचपली आणि तोंड वाकडं केलं.

"चिकटलीय. भट्टीत मंद आचेवर तापवून वाळवावी लागेल. मग चालेल, पण एकदाच. चालताना हिच्या अंगावरचं सगळं खरवडून येईल. तेवढ्यात नक्कल करून घेऊ. दुसरी संधी नाही."

मी ऐकलं. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आयुष्यभर पुसलं जायला घाबरले, आणि आता बोलायचं तर पुसलं जाऊनच.

ताईंनी वहिनींना शोधून काढलं. वहिनी आल्या. केस पूर्ण पांढरे, चालताना हाताला काठी. काका यंत्रापाशी बसले, दोघी मागे.

"मला बघायचंय की नाही तेच कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "भीती वाटते."

"मलाही," ताई म्हणाल्या.

मी फिरू लागले. अंग सोलून निघत होतं. पडद्यावर बर्फासारखे ठिपके होते, चित्र मधूनच फाटत होतं. पण आवाज आला. "सर, आता नको कुणी खाली." वहिनींच्या हातातली काठी खाली पडली. कुणी उचलली नाही.

हळूभाऊ शिडीकडे वळला तेव्हा वहिनी ओरडल्या, "थांबवा! इथंच थांबवा."

"आजी, थांबवली तर तुटेल," काका म्हणाले. त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं.

वहिनींनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "चालू दे मग."

त्यांनी सगळं पाहिलं. तो हातही. नंतरची चार मिनिटंही. मी थांबले तेव्हा यंत्रात तपकिरी पूड साचली होती. ती मीच होते.

"चार वेळा," वहिनी म्हणाल्या. "चार वेळा 'नको' म्हणाले ते." मग ताईंकडे वळून त्यांनी विचारलं, "मी आले होते, तेव्हा ही तुमच्याकडे होती?"

"हो."

"तेव्हा तुम्ही बघितलेली?"

"हो वहिनी."

वहिनींनी वाकून खाली पडलेली काठी उचलली. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. नक्कल पदराखाली घेऊन त्या एकट्याच जिना उतरल्या.

पुढचं मला ऐकून माहीत आहे. हळूभाऊबरोबर खोदणारे सहाजण अजून हयात होते. वहिनींनी त्यांना घरी बोलावलं, नातवाच्या कॉम्प्युटरवर सगळं दाखवलं. पाहून झाल्यावर सगळ्यांत म्हातारा उठला, वहिनींच्या पायांशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी व्हावी म्हणून वहिनींनी केंद्राला केलेल्या अर्जावर सहाहीजणांनी अंगठे आणि सह्या केल्या. केंद्राने उत्तर दिलं : नक्कल कुणीही बनवू शकतं, मूळ कॅसेट घेऊन या, आणि ती इतकी वर्षं ज्यांच्याकडे होती त्यांनाही आणा.

म्हणून आज आम्ही इथे आहोत. चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर. ताईंनी मला मांडीवर उघडं ठेवलंय. माझं झाकण त्या पुन्हा पुन्हा चाचपून बघतायत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला वहिनी आहेत. समोरच्या खुर्चीवर निवेदक बसलेत, गळ्यातला रुमाल सारखा सैल करतायत, आणि चुकूनही माझ्याकडे बघत नाहीत.

माझ्यावर आता फारसं काही उरलेलं नाही. आत कुणी मला उचलून म्हणालं, ही तर कोरी आहे, तर मी काय उत्तर देणार? हळूभाऊचा चेहरा माझ्यावर होता, एवढं मला माहीत आहे. चेहरा आठवायला गेले की नुसती माती दिसते.

तुमच्या घरात, तुमच्या कुलपात असं काही असेल, तर तुम्हाला हात जोडून सांगते, काढा ते. भीती कमी व्हायची वाट बघू नका. ती होत नाही. आम्ही मात्र सुकत जातो, आणि जिला ऐकायचं असतं तीही म्हातारी होत जाते.

वहिनी आत्ताच काहीतरी बोलल्या. सकाळपासून पहिल्यांदा. मान न वळवता म्हणाल्या, "आत गेल्यावर घाबरलात तरी चालेल, बाई. मध्येच थांबू मात्र नका."

ताईंनी मान हलवली. शिपायाने दार उघडलंय, आमचं नाव पुकारलंय. ताई उठल्या.

येते मी.